आनंद मोहन चक्रवर्ती आणि त्यांचा स्यूडोमोनास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. एम.एस्सी.ला पेटंटचा टॉपिक आला की दरवर्षी चक्रवर्तींवर तेच तेच प्रश्न येतात आणि नोट्समधली उत्तरं बऱ्याचदा अर्धवट असतात, म्हणजे तेल खाणारा बॅक्टेरिया, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, १९८०, विषय संपला. या माणसाने पन्नास वर्षं जे काम केलं ते त्या तीन शब्दांत मावत नाही म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

नेमके कोण होते हे?

आनंद मोहन चक्रवर्ती, अमेरिकेत सगळे त्यांना अल चक्रवर्ती म्हणायचे. जन्म ४ एप्रिल १९३८, गाव सैंथिया, पश्चिम बंगालमधला बीरभूम जिल्हा. बेलूरला रामकृष्ण मिशनच्या विद्यामंदिरात आणि मग कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले, १९६५ ला कलकत्ता विद्यापीठाची पीएचडी, आणि लगेच अमेरिका, इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना. १० जुलै २०२० ला इलिनॉयमध्येच गेले, वय ८२.

ते प्रोफेसर होते की कंपनीतले सायंटिस्ट? दोन्ही वाचलंय.

दोन्ही. आधी अर्बानाला विद्यापीठात, मग १९७१ पासून न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात, आणि १९७९ पासून शेवटपर्यंत शिकागोला इलिनॉय विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी आणि इम्युनॉलॉजीचे प्रोफेसर. कंपनीतली वर्षं जेमतेम आठ आणि विद्यापीठातली चाळीसच्या आसपास, पण पाठ्यपुस्तकात येतात ती आठच. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा ते कंपनी सोडून प्रोफेसर झालेले होते हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

अर्बानाला काय केलं? तिथूनच सुरुवात का करायची?

कारण पुढचं सगळं तिथे ठरलं. तिथे गनसालस नावाचे फार मोठे प्रोफेसर होते, त्यांची लॅब एका साध्या प्रश्नाच्या मागे होती की स्यूडोमोनास पुटिडा हा मातीतला जिवाणू कापूर कसा खातो. हो, आपला पूजेतला कापूर. आपल्याला वाटतं कापूर ठेवला की किडे लांब राहतात, आणि हा जिवाणू त्याच्यावर पोट भरतो.

त्या कामातून असं पुढे आलं की कापूर पचवायचे जीन्स मुख्य क्रोमोझोमवर नाहीतच, ते वेगळ्या छोट्या डीएनएच्या कड्यावर आहेत, म्हणजे प्लाझमिडवर, आणि ही कडी एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाऊ शकते. मी वर्गात विरजणाचं उदाहरण देते. शेजारीण विरजण मागून नेते तेव्हा तिच्या घरी दही लागतं पण आपलं दही संपत नाही, कारण आपण थोडंसंच दिलेलं असतं आणि उरलेलं वाढत राहतं. प्लाझमिडचं तसंच, देणारी पेशी एक कॉपी देते आणि एक स्वतःकडे ठेवते, आणि घेणारी पेशी आता तेच काम करायला लागते जे तिला काल येत नव्हतं.

मग ऑक्टेन पचवणारं प्लाझमिड सापडलं, सॅलिसिलेटचं सापडलं, नॅफ्थलीनचं सापडलं (नॅफ्थलीन म्हणजे कपाटातली डांबरगोळी). आता कच्चं तेल म्हणजे काय, तर अशाच शेकडो हायड्रोकार्बनची खिचडी. एक जिवाणू एक-दोन घटक खातो आणि बाकीचं तसंच सोडतो. मग सगळी प्लाझमिड एकाच पेशीत बसवली तर? हा प्रश्न ज्याला पडेल तो माणूस आधी कापरावर बसलेलाच असायला हवा होता, आणि ते बसलेले होते.

मग तेल खाणारा जिवाणू कसा बनवला? स्टेप बाय स्टेप सांगा.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांना दिलेलं काम वेगळंच होतं, गुरांच्या शेणापासून प्रोटीनवालं पशुखाद्य बनवायचं. तेलाचं काम त्यांनी स्वतःच्या वेळात केलं.

पद्धत बघाल तर आपल्या बी.एस्सी.च्या लॅबमध्येही समजेल अशी आहे. एक देणारा स्ट्रेन (म्हणजे जिवाणूचा वाण), एक घेणारा, दोन्ही एकत्र वाढवायचे, कॉन्जुगेशन, म्हणजे एका पेशीने दुसरीला प्लाझमिड देणं, होऊ द्यायचं, आणि मग अशा मीडियमवर पसरायचे जिथे कार्बनचा एकमेव सोर्स म्हणजे ते हायड्रोकार्बन. ज्याला प्लाझमिड मिळालं तोच वाढणार, बाकीचे उपाशी. मग त्याच्यात पुढचं प्लाझमिड, मग पुढचं.

अडचण आली कापूर आणि ऑक्टेनच्या प्लाझमिडची. ही दोन एका पेशीत टिकतच नाहीत, एका म्यानात दोन तलवारी, थोड्या पिढ्यांत एक हरवतंच. नोट्समध्ये हा भाग गाळलेला असतो आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. त्यांनी त्या पेशींवर अल्ट्राव्हायोलेट किरण टाकले. यूव्हीने डीएनए तुटतो हे आपल्याला माहीत आहे, आणि पेशी तो परत जोडायला धडपडते. त्या तोडजोडीत काही पेशींमध्ये दोन प्लाझमिड जोडली जाऊन एकच झाली. एकच झाल्यावर भांडण कशाचं? ती एकत्र टिकली, आणि मग सॅलिसिलेट आणि नॅफ्थलीनची त्यात बसवता आली.

म्हणजे जेनेटिक इंजिनीअरिंगच ना? परीक्षेत काय लिहू?

पेटंटचा अर्ज ७ जून १९७२ चा आहे. जीन कापायचा आणि दुसऱ्या जीवात चिकटवायचा हे रीकॉम्बिनंट डीएनएचं तंत्र त्यानंतर, १९७३ पासून, हातात आलं. चक्रवर्तींनी डीएनए कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम वापरलं नाही, जोडणारं लायगेज वापरलं नाही, निसर्गात आधीच चालणारी देवाणघेवाण मुद्दाम आणि ठरवून घडवली. कोर्टाच्या निकालातही जेनेटिकली इंजिनीअर्ड असा शब्द आहे म्हणून तो सगळीकडे पसरला. परीक्षेत लिहा की कॉन्जुगेशनने एकापेक्षा जास्त प्लाझमिड असलेला स्ट्रेन तयार केला. हे लिहिलंत तर माझ्याकडून पूर्ण मार्क.

आणि स्ट्रेन एकच नव्हता. पेटंटसाठी दोन ठेवले होते, एक स्यूडोमोनास पुटिडाचा आणि एक स्यूडोमोनास एरुजिनोसाचा, दोन्ही इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी कल्चर कलेक्शनमध्ये.

समुद्रात कधी वापरला?

कधीच नाही. हे वाचून दरवर्षी वर्गात कुणीतरी हिरमुसतंच. उघड्यावर तो एकदाही सोडला गेला नाही.

कारणं बरीच. त्या काळात लॅबमध्ये बदललेला जीव बाहेर सोडायचा म्हटलं की लोक घाबरायचे, त्यातून एरुजिनोसा हा हॉस्पिटलमधला खतरनाक जंतू, भाजलेल्या पेशंटच्या जखमेत हाच बसतो, तो मुद्दाम पाण्यात सोडायला परवानगी कोण देणार. आणि समुद्र म्हणजे फ्लास्क नव्हे. तेलात कार्बन भरपूर पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाही, नुसत्या कार्बनवर कुणाची वाढ होत नाही, वर लाटा, थंडी, मीठ, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या जिवाणूंची स्पर्धा. १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा जिवाणू नेऊन टाकण्यापेक्षा किनाऱ्यावर खत टाकलं, नायट्रोजन-फॉस्फरसचं, म्हणजे तिथलेच स्थानिक जिवाणू जोमाने कामाला लागतात. हा मार्ग चालला.

आपल्याकडे बघायचं तर २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली आणि तेल सांडलं, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला टारबॉल येतात, डांबराचे काळे चिकट गोळे, पायाला लागले की साबणाने निघत नाहीत. त्या गोळ्यांवरही तेल खाणारे जिवाणू बसलेले असतात. पण गोळ्याच्या आत हवा पोचत नाही, म्हणून ते वरवरच खातात.

दहावीच्या पुस्तकात अल्कानिव्होरॅक्स पण आहे. तो यांचाच का?

नाही. अल्कानिव्होरॅक्स बोर्क्युमेन्सिस हा समुद्रातला नैसर्गिक जिवाणू आहे, त्याचं वर्णन १९९८ ला झालं, चक्रवर्तींशी संबंध नाही.

कोर्ट केस नक्की काय होती? डायमंड म्हणजे कंपनी का?

डायमंड म्हणजे सिडनी डायमंड, अमेरिकेचे पेटंट कमिशनर. म्हणून केसचं नाव डायमंड विरुद्ध चक्रवर्ती. बरेच जण हिऱ्याची कंपनी समजतात.

अर्जात ३६ दावे होते, तीन प्रकारचे. पहिला, जिवाणू बनवायची पद्धत. दुसरा, जिवाणू कशावर तरी पसरून, म्हणजे गवताच्या काडीसारख्या तरंगणाऱ्या गोष्टीवर, पाण्यात टाकायचं मिश्रण. तिसरा, जिवाणू स्वतः. पहिले दोन पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने मान्य केले, तिसरा नाकारला, म्हणे हा निसर्गाचा माल आहे आणि शिवाय जिवंत आहे. अपील बोर्डही म्हणालं जिवंत गोष्टीला पेटंट नाही. त्याच्या वरच्या कोर्टाने उलट निकाल दिला, मग सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

१७ मार्च १९८० ला युक्तिवाद आणि १६ जून १९८० ला निकाल, ५ विरुद्ध ४. निकाल सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिला आणि त्याचा गाभा असा की जिवंत की निर्जीव हा प्रश्न कायद्यापुढे नाहीच, प्रश्न आहे निसर्गाने बनवलं की माणसाने. चार प्लाझमिड एकत्र असलेला असा जिवाणू निसर्गात सापडलेला नव्हता, तो या माणसाने केला, म्हणून पेटंटला पात्र. विरोधात चौघे होते आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की अमेरिकन संसदेने १९३० आणि १९७० ला वनस्पतींसाठी वेगळे कायदे केले याचा अर्थच हा की साध्या पेटंट कायद्यात जिवंत गोष्टी बसत नव्हत्या, आणि एवढी मोठी सीमा कोर्टाने ओलांडू नये, संसदेने ठरवावं.

मला विचाराल तर ब्रेनन यांचं म्हणणं विद्यार्थ्यांनी नीट वाचायला हवं. निकालाच्या बाजूने असा किंवा विरोधात, ५-४ म्हणजे एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर बायोटेक उद्योगाची दिशा वेगळी असती. चारच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९८० ला, जेनेनटेक या बायोटेक कंपनीचा शेअर बाजारात आला, ३५ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ऐंशीच्या वर जाऊन आला.

पेटंट प्रत्यक्ष हातात आलं ३१ मार्च १९८१ ला. अर्जानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी.

मग त्यातून ते श्रीमंत झाले असतील?

पेटंटची मालकी जनरल इलेक्ट्रिकची. शोधक म्हणून नाव यांचं. आणि जो जिवाणू विकलाच गेला नाही त्याची रॉयल्टी कुठून येणार.

जिवंत गोष्टीवरचं हे जगातलं पहिलं पेटंट ना?

असं सरसकट लिहू नका. लुई पाश्चर यांना १८७३ ला अमेरिकेतच पेटंट मिळालं होतं आणि त्यात रोगजंतूंपासून मुक्त यीस्टचाही दावा होता. चक्रवर्तींच्या केसचं महत्त्व हे की प्रश्न थेट सर्वोच्च कोर्टापुढे गेला आणि तिथे त्याचं उत्तर मिळालं.

शिकागोला चाळीस वर्षं काय केलं?

हाच प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मीच घातलाय. उत्तर एका शब्दात: स्यूडोमोनास. आयुष्यभर तोच, फक्त प्रश्न बदलत गेले.

आधी विष. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये २,४,५-टी नावाचं तणनाशक होतं, ते मातीत सहजासहजी मोडत नाही कारण त्यावरचे क्लोरीन तोडणारा जिवाणू सहज मिळत नाही. यांच्या लॅबने कचऱ्याच्या जागांवरचे जिवाणू आणि प्लाझमिडवाले जिवाणू एका केमोस्टॅटमध्ये (सतत ताजं मीडियम मिळत राहणाऱ्या भांड्यात) एकत्र ठेवले, आणि खायला देताना हळूहळू साधं अन्न कमी आणि २,४,५-टी जास्त, महिनोन्महिने. शेवटी असा स्ट्रेन आला जो फक्त त्या विषावर जगतो. १९८१ आणि ८२ चे हे पेपर आहेत. त्या जिवाणूचं नाव तेव्हा स्यूडोमोनास सेपेशिया होतं, आता तो दुसऱ्या जीनसमध्ये गेलाय, पण ते नाव बदलणाऱ्यांचं काम.

मग रोग. मेडिकल कॉलेजात आल्यावर एरुजिनोसाकडे वळणं साहजिकच होतं. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट कफ साठण्याचा जन्मजात आजार) झालेल्या मुलांच्या फुप्फुसात हा जिवाणू बसतो आणि स्वतःभोवती अल्जिनेटचा चिकट थर करतो, मग अँटिबायोटिक आत पोचत नाही. तो थर बनवायचे जीन्स कोणते, ते कधी चालू होतात, यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

एरुजिनोसाची प्लेट कधी जवळून बघितली नसेल तर बघा. चोवीस तास झाल्यावर सगळा आगर हिरवट-निळा होतो, नुसत्या कॉलनी नाही, रंग खाली मीडियमभर पसरतो, आणि झाकण जरा किलकिलं केलं की गोडसर वास येतो, पिकलेल्या द्राक्षांसारखा. आमच्याकडे तासगाव भागातल्या मुली असतात, त्यांना सांगावंच लागत नाही, पहिल्याच प्रॅक्टिकलला म्हणतात, मॅडम हा बागेतला वास. (मुद्दाम नाक लावून हुंगायचं नाही, दुरून येतो तेवढाच पुरे.) ज्या जंतूने आयसीयूतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो त्याचा वास असा.

मग कॅन्सर. एरुजिनोसा अझुरिन नावाचं छोटं प्रोटीन बनवतो, १२८ अमिनो आम्लांचं, आत तांब्याचा अणू, त्यामुळे शुद्ध केलं की निळंशार दिसतं. २००२ ला त्यांच्या गटाने दाखवलं की अझुरिन कॅन्सरच्या पेशीत शिरतं, तिथल्या पी-५३ या राखणदार प्रोटीनला धरून स्थिर करतं, आणि उंदरांमधल्या गाठी आक्रसतात. सोबत त्याच विद्यापीठातले सर्जन तपस दासगुप्ता होते. ज्या जिवाणूला ते कापूर खाताना बघत होते त्याच घराण्यात, पस्तीस वर्षांनी, हे सापडलं.

ते कॅन्सरचं औषध मेडिकलमध्ये मिळतं का? घरी पेशंट आहे.

नाही, मिळत नाही. अझुरिनचा २८ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे, पी-२८, त्याच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, आधी वाढलेला कॅन्सर असलेल्या १५ मोठ्या माणसांमध्ये आणि नंतर मेंदूत गाठ असलेल्या मुलांमध्ये. पहिला टप्पा म्हणजे मुख्यतः सहन होतंय का आणि डोस किती एवढंच बघतात. कुणी अझुरिनच्या नावाने पावडर किंवा गोळ्या विकत असेल तर घेऊ नका. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टने सांगितलेली ट्रीटमेंट थांबवू नका, हे मी हात जोडून सांगते.

कंपनी पण काढली होती ना?

दोन. दासगुप्तांबरोबर शिकागोला सीडीजी थेराप्युटिक्स आणि नंतर अहमदाबादला अमृता थेराप्युटिक्स, २००८ ची.

कोर्टाशी नातं केसनंतर संपलं का?

उलट वाढलं. जजना जनुकशास्त्र समजावून सांगणाऱ्या कार्यक्रमांमध्ये ते अनेक वर्षं शिकवत होते, डीएनए म्हणजे काय, जीनवर मालकी म्हटलं तर नेमकं कशावर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या नावाने केस झाली तो माणूस निकाल लागल्यावर घरी बसला नाही, पुढच्या निकालांसाठी न्यायाधीशांना विज्ञान कळावं म्हणून खपला.

भारतात जिवाणूवर पेटंट मिळतं का?

नैसर्गिक, नुसता शोधून वेगळा केलेला जिवाणू असेल तर नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(सी) आडवं येतं. माणसाने बदललेला असेल तर मिळू शकतं, कारण ३(जे) मध्ये वनस्पती आणि प्राणी वगळलेत पण सूक्ष्मजीवांना त्यातून सूट आहे. ही सूट कायद्यात येण्याआधी, जानेवारी २००२ ला डिमिनाको नावाच्या स्विस कंपनीच्या केसमध्ये निकाल आला की तयार होणाऱ्या लसीत जिवंत विषाणू आहे एवढ्याच कारणाने प्रक्रियेचं पेटंट नाकारता येणार नाही. तो निकाल कलकत्ता हायकोर्टाचा, म्हणजे चक्रवर्ती ज्या शहरात शिकले तिथलाच.

अर्जाबरोबर कल्चर कुठेतरी जमा करावं लागतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली जागा आपल्या पुण्यातच आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं मायक्रोबियल कल्चर कलेक्शन, २०११ पासून. आणखी एक चंदीगडला.

हळदीचं पेटंट पण याच निकालामुळे का?

नाही. हळदीच्या जखमेवरच्या वापराचं अमेरिकन पेटंट हे जुन्याच ज्ञानावर घेतलेलं होतं, म्हणून सीएसआयआरने (भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने), माशेलकर सर प्रमुख असताना, लढून ते १९९७ ला रद्द करून घेतलं. तिथे मुद्दा नवेपणाचा होता, जिवंत असण्याचा नाही.

नोबेल मिळालं का?

नाही. २००७ ला पद्मश्री मिळाली.

मला असाच प्रोजेक्ट करायचाय, कुठून सुरू करू?

गॅरेजमधून. जिथे वर्षानुवर्षं ऑइल सांडलंय तिथली काळी माती चमचाभर आणा, बुशनेल-हास मीडियम करा (त्यात कार्बन नसतो, म्हणूनच ते), वरून एक टक्का वापरलेलं इंजिन ऑइल, आणि शेकरवर आठवडाभर. शेकर नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा हाताने हलवा. मीडियम गढूळ झालं आणि तेलाचा अखंड थर तुटून बारीक थेंब झाले की समजा कुणीतरी जेवतंय. त्यातलं थोडं नव्या फ्लास्कमध्ये, असं तीन-चारदा, मगच प्लेटवर. आणि तेल नसलेला कंट्रोल फ्लास्क ठेवाच. माझ्या स्वतःच्या डेझर्टेशनला मी तो ठेवला नव्हता आणि व्हायवाच्या दिवशी परीक्षकांनी तेवढा एकच प्रश्न विचारला, त्यामुळे तीन महिन्यांचं काम परत करावं लागलं. हिरवा रंग आणि द्राक्षाचा वास आला तर ग्लोव्ह्ज घाला, ती प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय फेकू नका आणि गाइडना सांगा.

मूळ काहीतरी वाचायचं असेल तर?

थेट पेटंट वाचा, अमेरिकन पेटंट नंबर ४२५९४४४, नेटवर फुकट आहे. भाषा वकिली आहे पण आतले प्रयोग अगदी साधे आहेत, कोणता स्ट्रेन, किती तास, कोणतं मीडियम, सगळं दिलंय. यूव्हीचा भाग आधी काढा, मग तरंगणाऱ्या काडीचा भाग, आणि शेवटी दावे. दाव्यांमध्ये एक वाक्य शोधा जे फक्त जिवाणूबद्दल आहे, पद्धत नाही, मिश्रण नाही, नुसता जिवाणू. सगळी लढाई त्या वाक्यासाठी झाली.